जानेवारीची थंडी, जुलैच्या वर्गात

न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी, ऐन जुलैत, कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयात शिरलं की अंगावर गार हवा येते. यात नवल काही नाही. अमेरिकेत उन्हाळ्यात कुठल्याही मोठ्या इमारतीत शिरा, हाच अनुभव येतो. नवल आहे ते ही थंडी आली कुठून यात. ती त्या दिवशी एखाद्या यंत्राने तयार केलेली नसते. ती असते गेल्या जानेवारी-फेब्रुवारीतली. हिवाळ्यात टेकडीच्या पायथ्याच्या सरोवरावरून बोचरे वारे वाहिले, पाण्याची ऊब काढून घेऊन गेले आणि गारठलेलं पाणी तळाशी जाऊन बसलं. पुढे वसंत आला, उन्हाळा आला, काठावर माणसं पोहू लागली, तरी तळाच्या पाण्याला त्याचा पत्ता नाही. विद्यापीठ त्या पाण्याची थंडी तेवढी वर मागवून घेतं. जुलै २००० पासून हे असंच चाललं आहे.

हवामानबदल, कार्बन, शाश्वतता हे शब्द ऐकून आपले कान किटले आहेत. विद्यापीठांचे 'हरित कॅम्पस'चे अहवाल उघडले तर कचऱ्याचे रंगीत डबे आणि कुदळ हातात धरलेल्या पाहुण्यांचे फोटो यांच्या पलीकडे नजर सहसा जात नाही. कॉर्नेलची ही योजना मला वेगळी वाटते, कारण तिच्या मुळाशी पाण्याचा एक विक्षिप्त स्वभाव आहे. तो आपण सगळे शाळेत शिकलो आहोत. दहावीच्या विज्ञानात 'पाण्याचे असंगत आचरण' नावाचा भाग असतो, होपच्या उपकरणाची आकृती असते, दोन तापमापी असतात. आकृती काढायची, नावं द्यायची, गुण मिळवायचे आणि विसरून जायचं, हा रिवाज. त्या आकृतीतलं नळकांडं साठेक किलोमीटर लांब करून डोंगरांच्या मध्ये आडवं ठेवलं तर काय होईल, हे कॉर्नेलमध्ये बघायला मिळतं.

आधी जागा समजून घेऊ. न्यूयॉर्क राज्याच्या मध्यभागी अकरा लांबट सरोवरं आहेत, नकाशावर हाताच्या बोटांसारखी दिसतात म्हणून त्यांना फिंगर लेक्स म्हणतात. हिमयुगात हिमनद्यांनी खडक खरवडून त्यांचे तळ खोल केले. त्यांतलं सर्वांत लांब ते केयुगा. लांबी सुमारे ६० किलोमीटर, सरासरी रुंदी दोन-तीन किलोमीटर आणि सर्वांत खोल जागी १३३ मीटर. याच्या दक्षिण टोकाला इथाका गाव आणि गावावरच्या टेकडीवर, पाण्यापासून साधारण १२० मीटर उंचीवर, १८६५ साली स्थापन झालेलं कॉर्नेल विद्यापीठ. रतन टाटा वास्तुशास्त्र शिकायला गेले ते इथेच. १९६२ साली त्यांना तिथली पदवी मिळाली.

इथला आणखी एक माजी विद्यार्थी आपल्या गोष्टीला जास्त जवळचा आहे. विलिस कॅरिअर. १९०१ साली तो कॉर्नेलमधून इंजिनीअर होऊन बाहेर पडला आणि पुढच्याच वर्षी ब्रुकलिनमधल्या एका छापखान्याची अडचण त्याच्यापुढे आली. दमट हवेत कागद फुगायचा, एकावर एक छापायचे रंग सरकायचे. त्या छापखान्याची हवा कोरडी आणि गार ठेवण्यासाठी कॅरिअरने जी रचना केली, तिला आजच्या एअर कंडिशनिंगची सुरुवात मानतात. ज्या विद्यापीठाने एसीचा जनक घडवला, त्याच विद्यापीठाने शंभर वर्षांनी आपले बहुतेक चिलर बंद केले. इतिहासाला अशा गमती करायची हौस असते.

चिलर म्हणजे मोठ्या इमारतींचा एसी. तो पाणी गार करतो, ते पाणी नळांतून मजल्या-मजल्यांवर फिरतं आणि पंखे त्या नळांवरून हवा ढकलतात. एसी थंडी निर्माण करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, एवढं आपल्याला माहीत असतं. पण उष्णता आपण होऊन उष्णाकडून थंडाकडे जाते, उलटी जात नाही. तिला २४ अंशांच्या खोलीतून ३५ अंशांच्या उन्हात ढकलायची तर कॉम्प्रेसरला राबावं लागतं आणि आपल्या मीटरचा आकडा पळतो तो त्या राबण्यामुळेच. दुकानात आपण 'दीड टनाचा' एसी मागतो तेव्हा तो टन यंत्राच्या वजनाचा नसतो. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उचलण्याची ताकद म्हणजे एक टन. म्हणजे मोजमाप आजही बर्फाचंच चालू आहे. आता असं समजा, की उष्णता टाकायला शेजारीच बारा महिने चार-पाच अंशांवर असलेली जागा आहे. मग उष्णतेला चढ चढायचा नाही, उतारच आहे. कॉम्प्रेसरला काम उरत नाही.

अशी जागा सरोवराच्या तळाशी कशी काय तयार होते, आणि उन्हाळाभर टिकते कशी? खरी गंमत इथे आहे.

जवळपास सगळे द्रव थंड होताना आकसतात आणि जड होत जातात. पाणीही तसंच वागतं, पण ४ अंशांपर्यंतच. त्याखाली गेलं की ते उलटं वागू लागतं. गोठण्याची तयारी म्हणून त्याचे रेणू एकमेकांपासून ठरावीक अंतर राखत मोकळी, जाळीदार मांडणी करू लागतात, जागा जास्त लागते आणि पाणी पुन्हा हलकं होतं. म्हणून ४ अंशांचं पाणी सर्वांत जड. शरद ऋतूत केयुगाचं वरचं पाणी गार होऊ लागतं, जड होतं, खाली जातं. खालचं वर येतं, तेही गार होतं, तेही बुडतं. हळूहळू सगळं सरोवर वरपासून खालपर्यंत एकाच तापमानाला येतं आणि हिवाळ्यातले वारे त्याला महिनोन्‌महिने घुसळत राहतात. इतक्या खोल आणि सतत हलत्या पाण्यावर पूर्ण बर्फ धरणं दुर्मिळ. हिवाळा संपतो तेव्हा सगळ्या सरोवराचं तापमान ४ अंशांच्या आसपास असतं.

मग ऊन वाढतं. वरचे दहा-पंधरा मीटर तापू लागतात. तापलेलं पाणी हलकं, ते वरच राहतं. ऑगस्टपर्यंत पृष्ठभाग बावीस-तेवीस अंशांवर पोहोचतो आणि खाली, मधला एक पातळ थर ओलांडला की, पाणी अजून फेब्रुवारीतच असतं. दोन्हींच्या वजनातला फरक काढून पाहिला तर विश्वास बसत नाही. एक घनमीटर पाणी ४ अंशांना १००० किलो भरतं, २२ अंशांना ९९८ किलोंच्याही जरा कमी. हजार किलोंमागे सव्वादोन किलोंचा हा फरक. पण तेवढ्यामुळे वाऱ्याला वरचं पाणी खाली ढकलता येत नाही आणि खालच्याला वर यायचं कारण उरत नाही. मध्ये पडदा नाही, भिंत नाही. किलोमागे दोन-सव्वादोन ग्रॅम, एवढ्यावर एक अख्खा हिवाळा उन्हाळाभर सुरक्षित राहतो. होपने आपला प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका नळकांड्यात केला होता. निसर्ग तो हिमयुग संपल्यापासून दर वर्षी इथे करतो आहे.

कॉर्नेलच्या अभियंत्यांनी या पाण्यात नळ सोडला. काठापासून सुमारे ३.२ किलोमीटर आत, ७६ मीटर खोलीपर्यंत. नळाचा व्यास १.६ मीटर, म्हणजे आत एखादं शाळकरी पोर सरळ उभं राहील. आपल्याकडे शेतात जे काळे प्लॅस्टिक पाइप दिसतात, त्याच जातीचं हे एचडीपीई. हे प्लॅस्टिक पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे तरंगतं, म्हणून नळाला काँक्रीटची वजनं बांधून तळाशी बसवावं लागलं.

७६ मीटर खालून पाणी उपसायचं म्हणजे केवढा विजेचा खर्च, असं विहिरीवर मोटर बसवलेल्या कुणाच्याही मनात येईल. पण इथे उपसावं लागतच नाही. नळाचं एक तोंड सरोवराच्या तळाशी आणि दुसरं काठावरच्या हौदात. नळातलं पाणी आपसूक सरोवराच्या पातळीपर्यंत चढून उभं राहतं, गार असल्यामुळे जरा जड म्हणून काही सेंटीमीटर कमी, इतकंच. पंपाला झगडावं लागतं ते नळाच्या घर्षणाशी.

मग ते पाणी टेकडीवर चढवतात का? नाही, आणि मला ही या योजनेतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. सरोवराचं पाणी काठावरच्या एका इमारतीपलीकडे जातच नाही. त्या इमारतीत स्टेनलेस स्टीलच्या पातळ पत्र्यांच्या थप्प्या आहेत. पत्र्याच्या एका अंगाने सरोवराचं पाणी वाहतं, दुसऱ्या अंगाने विद्यापीठाचं. तापवलेल्या दुधाचं पातेलं आपण गार पाण्याच्या परातीत ठेवतो, दूध निवतं, पाणी कोमट होतं आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. तेच इथे हजारो पटींनी मोठं केलेलं. विद्यापीठाचं पाणी बंद नळांमधून टेकडीवर जातं, इमारतींची उष्णता गोळा करून परत खाली येतं, पुन्हा वर जातं. एकाच बंद फेऱ्यात चढणाऱ्या पाण्याचं वजन उतरणाऱ्या पाण्याने तोललेलं असतं, त्यामुळे १२० मीटर चढाचा भुर्दंड पडत नाही. इथेही पंप भांडतो तो घर्षणाशीच. वर जाताना पाणी साधारण ७ अंशांचं असतं, वर्गातल्या हवेतला ओलावा काढायला आणि ती गार करायला पुरेसं.

तळाशी नळाच्या तोंडावर जाळी आहे, आणि एक दिवा. दिव्याचं कारण कळलं तेव्हा मी मनापासून खूश झालो. केयुगाच्या खोल अंधारात मायसिस नावाची बोटभरही नसलेली, पारदर्शक कोळंबीसारखी जीवजात राहते. दिवसा खोल पाण्यात दडते, रात्री खाण्यासाठी वर येते. सरोवरातल्या माशांचा तो महत्त्वाचा आहार. नळाच्या ओढीबरोबर हे जीव आत खेचले जाऊ नयेत म्हणून काय करायचं, तर त्यांना उजेड आवडत नाही, मग तोंडाशी उजेड ठेवायचा. करोडो डॉलरच्या बांधकामात एका कोळंबीच्या आवडीनिवडीचा विचार कुणीतरी केला.

पैशाचं आणि विजेचं गणित सरळ आहे. प्रकल्पाला सुमारे ५.८ कोटी डॉलर लागले. बदल्यात थंडाव्यासाठी लागणारी वीज जुन्या चिलरच्या तुलनेत सुमारे ८६ टक्क्यांनी कमी झाली. फार तापलेल्या दिवसांसाठी काही चिलर अजून राखून ठेवलेले आहेत. गावातल्या इथाका हायस्कूललाही याच योजनेतून थंडावा मिळतो. पुढे २००४ मध्ये कॅनडातल्या टोरोंटो शहराने ऑन्टॅरिओ सरोवरात ८३ मीटर खोल नळ टाकून शहराच्या मध्यवस्तीतल्या इमारतींसाठी हेच केलं. तिथे ते पाणी आपली थंडी देऊन झाली की पिण्यासाठी नळाला जातं. ही कल्पना कॉर्नेलपेक्षाही सरस म्हणायला हरकत नाही.

कॉर्नेलला हे सुचलं ते केवळ पृथ्वीच्या प्रेमातून, असं मात्र समजू नये. त्यांचे चिलर म्हातारे झाले होते आणि त्यांत सीएफसी वायू होते. ओझोनच्या थराला भोक पाडणारे हे वायू. १९८७ च्या माँट्रियल कराराने त्यांच्यावर गदा आली आणि १९९५ च्या अखेरीस विकसित देशांत त्यांचं उत्पादन थांबलं. म्हणजे यंत्रं तशीही बदलायचीच होती. कायद्याने दार बंद केलं म्हणून लोकांनी खिडकीकडे पाहिलं. हवामानाच्या बाबतीत स्वयंस्फूर्तीची वाट बघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं.

हिवाळा साठवून उन्हाळ्यात वापरायची युक्ती तशी जुनी आहे, आणि तिचा आपल्या मुंबईशी संबंध आहे. फ्रेडरिक ट्यूडर नावाचा बॉस्टनचा व्यापारी मॅसॅच्युसेट्समधल्या तळ्यांवरचा बर्फ हिवाळ्यात करवतीने कापून जहाजांतून जगभर विकायचा. १८३३ साली 'टस्कनी' या जहाजातून त्याचा १८० टन बर्फ कोलकात्याला निघाला. चार महिने समुद्रावर, दोनदा विषुववृत्त ओलांडून पोहोचला तेव्हा शंभरेक टन शिल्लक होता! लवकरच मुंबईलाही अमेरिकन तळ्यांचा बर्फ येऊ लागला, फोर्टात त्यासाठी बर्फघर बांधलं गेलं आणि पुढे इथेच बर्फाचे कारखाने निघेपर्यंत तो व्यापार चालला. ट्यूडर बर्फ जगभर हलवत होता. कॉर्नेलने बर्फ होऊ न देता, जागच्या जागी, तेच केलं.

आता दुसरी बाजू. इथाकातल्या रहिवाशांनी या प्रकल्पाला टाळ्या वाजवल्या असं झालं नाही. सुरुवातीपासून विरोध झाला आणि त्यातला मुद्दा पोकळ नव्हता. इमारतींची उष्णता घेतलेलं पाणी परत सोडल्याने सरोवराला ताप येईल ही भीती गणितात टिकत नाही: विद्यापीठ वर्षभरात सरोवरात जेवढी उष्णता सोडतं, तेवढी सूर्य त्या सगळ्या पाण्यावर काही तासांत ओततो, आणि पुढच्या हिवाळ्यात ती निघूनही जाते. खरी अडचण फॉस्फरसची आहे. सरोवरातलं शेवाळं मरून तळाशी जातं, कुजतं, त्यातला फॉस्फरस खोल पाण्यात विरघळून राहतो. तिथे तो निरुपद्रवी, कारण अंधारात काही उगवत नाही. कॉर्नेल ते खोलातलं पाणी उचलून दक्षिण टोकाच्या उथळ, उन्हाच्या पाण्यात सोडतं. शेवाळ्याला खत मिळाल्यासारखंच ते. शेतांतून आणि ओढ्यांतून पावसाबरोबर वाहून येणारा फॉस्फरस याहून कितीतरी जास्त, असं मोजमापं सांगतात. पण सरोवराचं ते टोक आधीच बिघडलेल्या पाण्याच्या सरकारी यादीत होतं, म्हणून राज्याच्या पर्यावरण खात्याने विद्यापीठाला परवान्याबरोबर अभ्यासाची अट घातली. विद्यापीठाच्या पैशाने सरोवराचं संगणकीय प्रारूप तयार झालं. एका नळामुळे त्या सरोवराची तपासणी झाली, जी बहुधा एरवी झाली नसती. माझं मत विचाराल तर सौदा फायद्याचा आहे, पण रहिवाशांनी भांडण केलं नसतं तर तो इतका स्वच्छ राहिला नसता.

आणखी एक बोचरी गोष्ट अशी, की इथाकात उन्हाळा हा मुळात छोटा प्रश्न आहे. तिथे पारा शून्याखाली पंधरा-वीस अंश जातो. खरं इंधन जळतं ते इमारती गरम ठेवायला. २००९ च्या अखेरीस विद्यापीठाने नैसर्गिक वायूवर वीज आणि वाफ दोन्ही तयार करणारं नवं केंद्र सुरू केलं आणि २०११ मध्ये कोळसा जाळणं पूर्ण बंद केलं. सगळे खूश. त्याच वर्षी कॉर्नेलचेच दोन प्राध्यापक, रॉबर्ट हॉवर्थ आणि अँथनी इनग्राफिया यांनी सहकाऱ्यासह एक शोधनिबंध प्रसिद्ध केला: शेल खडकातून काढलेल्या वायूतला मिथेन वाटेत गळतो, आणि वीस वर्षांच्या मुदतीत पाहिलं तर हा वायू कोळशापेक्षा सरस ठरत नाही. निबंधावर जोरदार वाद झाले, अजून होतात. पण घरच्याच माणसांनी घरच्याच नव्या चुलीकडे बोट दाखवावं आणि कुणी त्यांचं तोंड बंद करू नये, हे मला त्या ७६ मीटर खोल नळाइतकंच कौतुकाचं वाटतं.

विद्यापीठाला २०३५ पर्यंत कार्बनच्या हिशेबात शून्यावर यायचं आहे. थंडी सरोवराने दिली, उष्णता कोण देणार? त्यासाठी त्यांनी खाली बघितलं आहे. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. २०२२ च्या उन्हाळ्यात कॉर्नेलने कॅम्पसच्या जागेवरच जवळजवळ तीन किलोमीटर खोल बोअर मारून पाहिली. त्या खोलीवरच्या खडकात इमारती गरम करण्याइतकी ऊब आहे. प्रश्न एवढाच, की खडकाच्या भेगांतून पाणी पुरेशा वेगाने फिरवता येईल का, आणि तसं करताना जमीन हादरणार तर नाही ना. म्हणून भोवती भूकंपमापकही बसवले आहेत.

तीन किलोमीटर म्हटल्यावर साताऱ्याकडच्या वाचकाला कोयना आठवेल. आपल्याकडेही गोठणे इथे एवढीच खोल बोअर २०१६-१७ मध्ये मारली गेली. कराडच्या भूभौतिकी प्रयोगशाळेने ती मारली ती कोयनेचे भूकंप समजून घेण्यासाठी. सव्वा किलोमीटरभर बेसॉल्टचे थर पार केल्यावर खाली ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागला. त्यातून ऊब काढून साताऱ्यात कुणाची घरं तापवायची, हा प्रश्न अर्थातच कुणाला पडला नाही.

सरोवराच्या थंडाव्याचं मात्र कुणीही विचारेल: आपल्याकडे जमेल का? कोयनेचा शिवसागर खोल आहे, मुंबईला तर अख्खा समुद्र आहे. उत्तर निराशेचं आहे. उष्ण कटिबंधातल्या जलाशयाचा तळ त्या भागातल्या सर्वांत थंड ऋतूचं तापमान धरून राहतो. आपला थंड ऋतू वीसेक अंशांचा. तळाशी तेवढंच मिळणार, आणि तेवढ्याने ना हवा कोरडी होते ना वर्ग गार. अरबी समुद्रात खोलवर थंड पाणी आहे, पण मुंबईसमोरचा समुद्रतळ इतका सपाट आहे, की ती खोली गाठायला दोनशे किलोमीटरहून जास्त जावं लागतं. लक्षद्वीपची बेटं मात्र समुद्रातून उभी सुळक्यासारखी वर आली आहेत. काठापासून थोड्याच अंतरावर तीन-साडेतीनशे मीटर खोली. म्हणून चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्ती बेटावर त्या खोलीतलं १२-१३ अंशांचं पाणी वर आणलं. वरच्या उबदार समुद्रजलाची निर्वातात वाफ करायची आणि खालच्या थंड पाण्याने ती निववायची. बेटावर रोज लाखभर लिटर गोडं पाणी मिळण्याची सोय झाली.

आपल्या कॉलेजांनी कॉर्नेलपेक्षा कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डकडे बघावं असं माझं म्हणणं आहे. तिथे असं खोल, गार सरोवर नाही. तिथल्या अभियंत्यांनी फक्त तासातासाच्या जुन्या नोंदी चाळल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, की ज्या तासाला विद्यापीठ काही इमारती गार करून त्यांतली उष्णता हवेत फेकतं आहे, त्याच तासाला बऱ्याचदा दुसरीकडे पाणी तापवायला वायू जाळतं आहे. आपणच फेकायचं आणि आपणच विकत आणायचं! २०१५ मध्ये त्यांनी जुनं वायूवरचं केंद्र बंद केलं, वाफेच्या नळांच्या जागी सुमारे ३५ किलोमीटर गरम पाण्याचे नळ टाकले आणि गार करताना निघालेली उष्णता मोठ्या हीट पंपांनी गरम पाण्याकडे वळवली. गार आणि गरम पाण्याच्या प्रचंड टाक्या बांधल्या, कारण गरज आणि पुरवठा यांची वेळ दर वेळी जमत नाही.

हे चित्र आपल्या ओळखीचं आहे. संगणक विभागाच्या मागच्या भिंतीवर एसीची आउटडोअर युनिटं ओळीने गरम हवा सोडत असतात, आणि पाचशे पावलांवर हॉस्टेलमध्ये आंघोळीसाठी गीझर लावलेले असतात, मेसमध्ये भांडी धुवायला गॅसवर पाणी तापत असतं. ती गरम हवा पाण्यात उतरवणारे हीट पंप आज बाजारात मिळतात, हॉटेलं ते वापरतात. अडचण वेळेची आहे: लॅब चालते दहा ते पाच, आंघोळी होतात सकाळी सहा ते आठ. म्हणजे मधल्या तेरा तासांसाठी चांगलं आवरण घातलेली टाकी हवी. किती लिटरची, किती जाड आवरणाची, किती वर्षांत पैसे वसूल होतील, हे कॉलेजच्या वीजबिलांवरून, हॉस्टेलच्या खोल्या मोजून आणि एका तापमापीने एका सत्रात काढता येईल. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल, तर हा घ्या, आणि निघालेला आकडा प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवा.